ज्ञानाची मालकी आणि वाचकाचा हक्क : एक संवाद

ग्रंथ हा एकाच वेळी दोन व्यवस्थांमध्ये नांदत असतो. बाजाराच्या व्यवस्थेत तो विक्रीचा माल असतो; त्याला किंमत असते, आवृत्ती असते, आणि त्याच्या खपावर लेखकाचे मानधन व प्रकाशकाचा प्रपंच अवलंबून असतो. विद्येच्या व्यवस्थेत तो पूर्वसूरींच्या ऋणातून निर्माण झालेला आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवावयाचा ठेवा असतो, आणि तेथे त्याची योग्यता तो किती जणांपर्यंत पोहोचला यावरून ठरते. जोपर्यंत पुस्तकाची प्रत काढावयाची म्हणजे कागद, शाई, यंत्र आणि मजुरी यांची तजवीज करावी लागत होती, तोपर्यंत या दोन व्यवस्थांतील विरोध फारसा जाणवत नव्हता, कारण छपाईचा खर्च हाच नकलेला पुरेसा अटकाव होता. संगणक आणि भ्रमणध्वनी घरोघर आल्यापासून तो अटकाव नाहीसा झाला आहे. प्रत काढण्यास आता काहीच खर्च येत नाही. ग्रंथ लिहिण्यास, शोधण्यास व सजविण्यास लागणारे श्रम मात्र पूर्वीइतकेच राहिले आहेत. स्वामित्वहक्क आणि ज्ञानाची मुक्तद्वारे या वादाचे मूळ या विषमतेत आहे.

या वादाच्या दोन्ही बाजू मला प्रामाणिक वाटतात, म्हणून एकतर्फी निबंध न लिहिता मी संवादाचा आश्रय घेतला आहे. त्यातील प्रकाशक हे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वडिलार्जित व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ आहेत, आणि ग्रंथपालबाई या एका जिल्ह्याच्या गावी ‘अ’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात सारे आयुष्य वेचून निवृत्त झालेल्या आहेत. दोघेही प्रातिनिधिक आहेत. त्यामुळे ग्रंथव्यवहारात वावरणाऱ्या कोणालाही त्यांचे म्हणणे परिचयाचे वाटेल.

प्रकाशक : बाई, हे एकदा पाहा. आम्ही अलीकडेच काढलेला चरित्रग्रंथ कोणीतरी पानोपान छायाचित्रे घेऊन, त्याची पीडीएफ करून, व्हॉट्सॲपच्या एका वाचकसमूहावर टाकला आहे. डाव्या समासात पान दाबून धरणारा अंगठा दिसतो, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा गोल शिक्का दिसतो, आणि पाठविणाऱ्याने वर लिहिले आहे की ज्ञान दिल्याने वाढते! या ग्रंथासाठी लेखकाने कैक वर्षे जुनी दप्तरे चाळली, मोडी कागद वाचून घेतले, पदरमोड करून गावोगाव हिंडून वंशजांच्या भेटी घेतल्या. मग आमच्याकडे संपादकाने सनावळ्या ताडून पाहिल्या, मुद्रिते तीनदा तपासली, आणि सूची करणाऱ्याने एकेका विशेषनामापुढे पृष्ठांक मांडून, पाने फिरली तसे ते सगळे पुन्हा नव्याने मांडले. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपावयास किती काळ जातो हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या हजारांतून शंभर गिऱ्हाईकही या पीडीएफने गिळले, तर पुढचा चरित्रग्रंथ मी कशाच्या बळावर हाती घेऊ?

ग्रंथपाल : अण्णा, जे नवे आहे, बाजारात मिळते आहे, आणि ज्याचा लेखक मानधनाची वाट पाहत आहे, त्या पुस्तकाची अशी नक्कल पसरविणे ही चोरी आहे, आणि तिला विद्यादानाचे नाव देणे ही त्याहून वाईट गोष्ट आहे, असे मी स्पष्टच म्हणते. यात तुमचा-माझा वाद नाही. माझी चिंता दुसऱ्या पुस्तकांविषयी आहे. आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडली तर तिच्यात अशी शेकडो नावे सापडतात, की ज्यांचे लेखक वारले, प्रकाशनसंस्था बंद पडल्या, आणि दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही. कपाटातून तसे पुस्तक काढावे तर पानाचा कोपरा बोटांत तुटून येतो, शिवणीपाशी कसर लागलेली असते, आणि छायाप्रतीच्या यंत्रावर पालथे ठेवताच त्याचा कणा मोडतो. परगावाहून आलेला अभ्यासक ते मागतो. दुकानात ते मिळत नाही, कोणी छापत नाही, आणि आम्ही त्याची प्रत महाजालावर ठेवू म्हटले तर कायदा म्हणतो की हक्काची मुदत संपलेली नाही. असा हक्क नेमके कोणाचे रक्षण करतो, हे मला समजत नाही.

प्रकाशक : मुदत ही काही प्रकाशकांनी लादलेली नाही. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याने ती ठरविली आहे, आणि लेखकाच्या निधनानंतर काही काळ त्याच्या बायकामुलांना त्याच्या श्रमाचे फळ मिळावे यात गैर काय आहे? आपल्याकडे कित्येक लेखकांना कीर्तीच मुळी मरणोत्तर लाभली. शेतकऱ्याची जमीन त्याच्या मुलाकडे जाते, व्यापाऱ्याची पेढी त्याच्या मुलाकडे जाते; लेखकाने मागे ठेवलेली तेवढी एक मिळकत मात्र त्याच्याबरोबर सरणावर चढावी, असे का?

ग्रंथपाल : तिला मुदत असावी हे मला मान्य आहे, किती, एवढाच प्रश्न आहे. 1710 साली इंग्लंडात राणी ॲनच्या राजवटीत या प्रकारचा पहिला कायदा झाला, तेव्हा नव्या पुस्तकाला 14 वर्षांचे संरक्षण होते, आणि लेखक हयात असल्यास आणखी 14 वर्षांचे. आपल्या कायद्यात ते लेखकाच्या निधनानंतर 50 वर्षे होते. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन 1941 चे, म्हणून त्यांच्या वाङ्मयावरील हक्क 1991 च्या अखेरीस संपणार होता. विश्वभारतीकडे तो हक्क होता, आणि मुख्यतः त्याच निमित्ताने शासनाने सर्वच लेखकांची मुदत दहा वर्षांनी वाढवून 60 केली. एका संस्थेच्या निकडीपायी साऱ्या देशातील, साऱ्या भाषांतील ग्रंथांना आणखी दहा वर्षे कुलूप लागले. महामहोपाध्याय काण्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड 1930 साली निघाला, आणि काण्यांचे निधन 1972 साली झाले. म्हणजे तो खंड सर्वांना मोकळा व्हावयाचा तो 1 जानेवारी 2033 रोजी, प्रकाशनानंतर एका शतकाहूनही अधिक काळाने. अण्णा, हक्क असा पिढ्यान्‌पिढ्या चालू लागला की त्याला वतनाचे रूप येते. आणि वतनदाराने गावाची चाकरी सोडली तरी वतन त्याच्याच नावे राहते, तशी ही गत होते.

प्रकाशक : चाकरी सुटली तर तुमचे म्हणणे खरे. पण काण्यांचा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने जतन केला आणि वाचकांना उपलब्ध ठेवला. मालक जागा असला की ग्रंथ जगतो, हे तुमच्याच उदाहरणावरून दिसते. आणि मी तुम्हांला दुसरे उदाहरण देतो. मराठीतल्या ज्ञानप्रसाराच्या सर्वांत मोठ्या उद्योगांपैकी एक म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश. तो कोणा राजाच्या देणगीतून निघाला नाही. केतकरांनी नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापिली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले, आणि त्या पैशातून 23 खंड तडीस नेले. उद्या तो फुकटच मिळणार आहे असे त्या वर्गणीदारांना कळले असते, तर एकाने तरी आगाऊ पैसे मोजले असते काय? विक्रीची हमी नसती तर महाराष्ट्राला ज्ञानकोशच मिळाला नसता.

ग्रंथपाल : तेच उदाहरण मी पुढे नेते. केतकर 1937 साली वारले; तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्यांच्या वाङ्मयावरील हक्क 1987 अखेर संपला, आणि आज तो ज्ञानकोश महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलीला तो सारखाच उपलब्ध आहे. सुरुवातीला विक्रीने ग्रंथ जन्मास आला, आणि मुदत संपल्यावर मुक्ततेने त्याला दुसरे आयुष्य दिले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चेही तसेच झाले. गुरुजी 1950 साली गेले; 2011 पासून ते पुस्तक कोणालाही छापण्याची मुभा आहे, आणि तेव्हापासून ते अनेक प्रकाशनांकडून निघते, महाजालावरही मिळते. हक्क संपल्याने ते पुस्तक मेले नाही. उलट त्याला अधिक घरे मिळाली.

प्रकाशक : लोकप्रिय पुस्तकाला घरे मिळतात. जे दोनशेच लोक वाचतात, त्याला हक्क संपल्यावर कोण विचारतो?

ग्रंथपाल : म्हणूनच तर संगणकाचे महत्त्व! दोनशे वाचकांसाठी छापणे तुम्हांला परवडत नाही, ते मी समजते. पण दोनशे वाचकांसाठी एक संगणकीय प्रत जपून ठेवणे कोणत्याही संस्थेस परवडण्यासारखे आहे. आणि जेथे प्रत एकच असते तेथे एक आगही सारे संपवू शकते, एक जमावही. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन तेथील दुर्मिळ ग्रंथांची व हस्तलिखितांची जी नासधूस झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्ञान अनेक ठिकाणी असणे हाच त्याचा सर्वांत भक्कम बंदोबस्त होय.

प्रकाशक : जपणूक आणि वाटप या दोहोंत मी फरक करतो. जपण्यासाठी वाचनालयांना मुभा आहेच.

ग्रंथपाल : आहे, आणि ती कायद्यात आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे. कलम 52 प्रमाणे, जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक वाचनालयाला आपल्या उपयोगासाठी काढता येतात. आणि 2012 च्या दुरुस्तीने, आपल्यापाशी छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची संगणकीय प्रतही ठेवता येते. पण ती प्रत वाचनालयाच्या भिंतीबाहेरच्या वाचकाला दाखविण्याची परवानगी त्यात स्पष्ट दिलेली नाही. अंध वाचकांसाठी मात्र आपल्या देशाने चांगली उदारता दाखविली: त्यांना उपयोगी पडेल अशा रूपात ग्रंथ करून देण्याची सवलत कायद्यात आहे, आणि त्याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला जगात सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता, 2014 साली. गरज पटली की कायद्याला दार उघडता येते, याचा तो दाखला आहे.

प्रकाशक : दार किती उघडावे हा प्रश्न राहतोच. दिल्लीचा खटला आठवा. विद्यापीठाच्या आवारातले रामेश्वरी नावाचे छायाप्रतीचे दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील निवडक पाने एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी 2012 साली दावा लावला, साठ लाख रुपयांची नुकसानभरपाई मागितली. आणि 2016 साली उच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. त्यावरील अपिलातही कायद्याचा तोच अर्थ कायम राहिला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. तो निकाल ऐकून मी अस्वस्थ झालो होतो. मोठ्या विलायती प्रकाशकांचे काही बिघडत नाही. पण उद्या हाच न्याय आमच्या मराठी पाठ्यपुस्तकाला लागला, तर एक प्रत घेऊन साऱ्या वर्गाने तिच्या छायाप्रती काढाव्या, आणि आम्ही पाहत राहावे?

ग्रंथपाल : तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही, पण निकालाचे मर्म ध्यानात घ्यावे. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल कायद्याने अपवाद मानली आहे, आणि त्या अपवादाचा अर्थ न्यायालयाने उदारपणे लावला. स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त वा ईश्वरदत्त नसून समाजाच्या हितासाठी कायद्याने निर्माण केलेला आहे, ही त्यातील भूमिका होती. जी पुस्तके एकेका विद्यार्थ्याने विकत घ्यावी तर महिन्याचा खर्च निघून जावा, त्यांतील थोडी थोडी पाने अभ्यासाला लागतात. ज्यांची पाने त्या संचांत होती अशा लेखकांतील कित्येकांनीच प्रकाशकांना पत्र लिहून या दाव्याला विरोध केला. तुमचे पाठ्यपुस्तक माफक किमतीला दुकानात मिळत असेल तर विद्यार्थी ते घेतो. छायाप्रतीला गर्दी होते ती किंमत अवाक्याबाहेर गेल्यावर.

प्रकाशक : बरे, पण ज्याला तुम्ही मुक्तद्वार म्हणता, त्याने परक्याच्या हाती आयते घबाड जाते, त्याचे काय? हळदीने जखम भरते हे आमच्या प्रत्येक घरात ठाऊक, आणि 1995 साली अमेरिकेत त्याचेच एकस्व (पेटंट) एका विद्यापीठाने मिळविले.

ग्रंथपाल : एकस्वाचा कायदा वेगळा, तरी उदाहरण मोलाचे आहे. ते एकस्व रद्द कसे झाले? डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील लेखी पुरावे दाखल केले, आणि 1997 साली ते रद्द करविले. हळदीचे ज्ञान लिहिलेले होते, छापलेले होते, सापडण्याजोगे होते, म्हणून आपण जिंकलो. जे दडलेले आहे ते हिरावले गेले तर दाखवायला पुरावाही उरत नाही. आणि आता यंत्रे लेखन वाचून शिकू लागली आहेत; त्यांनी कोणाचे लेखन कोणत्या अटीवर वापरावे यावरून 2024 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात एका वृत्तसंस्थेने दावाही लावला आहे. तेथे लेखकाची संमती आणि मोबदला हवा, असे मीही म्हणेन. परंतु मराठीचे उत्तम लेखन कुलपात आणि वाईट लेखन उघड्यावर राहिले, तर त्या यंत्रांच्या तोंडी कसली मराठी येईल, याचाही विचार व्हावा.

प्रकाशक : संशोधनपत्रिकांविषयी मात्र मी तुमच्याशी सहमत आहे, हे कबूल करतो. तेथील व्यवहार मला कधीच कळला नाही. संशोधकाचा पगार सरकारचा, प्रयोगशाळा सरकारची, लेख तपासणारे विद्वान बिनमोबदला काम करणारे. आणि तयार झालेला लेख त्याच सरकारच्या विद्यापीठाला जबर वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. आम्ही लेखकाला मानधन देतो. तेथे लेखकाला छदामही मिळत नाही.

ग्रंथपाल : म्हणूनच 2002 साली बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्याने अशा संशोधनाला मुक्त प्रवेश असावा अशी मागणी केली. आपल्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, आणि 6,300 हून अधिक शासकीय संस्था. लहान गावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जे कालपर्यंत दुर्लभ होते ते आज वाचता येते, हे मोठेच काम झाले. पण हे भाडे आहे. मुदत संपली की पुन्हा करार, पुन्हा रक्कम. आणि जो त्या संस्थांच्या हजेरीपटावर नाही, म्हणजे तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, पदरचे पैसे खर्चून इतिहास लिहिणारा अभ्यासक, तो दाराबाहेरच राहतो. दुसरीकडे काही पत्रिकांनी वाचकाकडून घ्यावयाचा पैसा लेखकाकडून घेण्यास आरंभ केला. तेव्हा ज्याच्यापाशी अनुदान नाही त्याला वाचता येते, पण लिहिता येत नाही. याहून सरळ मार्ग आपल्याच घरात आहे. विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात द्यावेत असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली केला, आणि ‘शोधगंगा’ या भांडारात आज ते कोणालाही वाचता येतात. मराठी विश्वकोश शासनाच्या खर्चाने झाला, म्हणून तो विनामूल्य खुला आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके तशीच उतरवून घेता येतात. जेथे समाजाने पैसा दिला तेथे समाजाला वाचता यावे, हा सरळ न्याय आहे.

प्रकाशक : आणि जेथे पैसा मी गुंतविला, तेथे?

ग्रंथपाल : तेथे तुमचा आणि तुमच्या लेखकाचा निर्णय. स्वतः लेखकालाच आपला ग्रंथ मुक्त करावासा वाटला तर कलम 21 ने त्याला निबंधकाकडे सूचना देऊन अथवा जाहीर सूचना काढून आपले सर्व किंवा काही हक्क सोडता येतात. देणाऱ्याने दिले तर ते दान. न विचारता उचलले तर ती चोरी. पण प्रश्न उरतो तो ज्यांच्याविषयी विचारावे असा मालकच सापडत नाही, त्या बेवारस ग्रंथांचा.

प्रकाशक : त्यावर कायद्यात उपाय आहे असे आमचे वकील सांगतात. कलम 31-अ. लेखक मृत वा अज्ञात असेल, अथवा त्याचा पत्ता लागत नसेल, आणि ग्रंथ लोकांना मिळत नसेल, तर वृत्तपत्रात जाहिरात देऊन परवान्यासाठी अर्ज करावयाचा, ठरेल ते स्वामित्वधन सरकारी खात्यात भरावयाचे. पुढे वारस आला तर ते त्याला मिळते. मला ही योजना न्याय्य वाटते. वारसाचे काही बुडत नाही आणि ग्रंथही जगतो.

ग्रंथपाल : योजना उत्तम आहे, तेथवर पोहोचणे मात्र कठीण झाले आहे. हा अर्ज पूर्वी स्वामित्वहक्क मंडळाकडे होत असे. मग ते काम दुसऱ्या अपील मंडळाकडे गेले, आणि 2021 साली ते मंडळही रद्द होऊन अधिकार न्यायालयांकडे आले. एका जीर्ण पुस्तकासाठी, ज्याचे वाचक वर्षाला दहा असतील, कोणते वाचनालय न्यायालयात वकील उभा करील? हक्क कागदावर आहे. वाट न्यायालयातून जाते.

प्रकाशक : तर मग तुमची नेमकी मागणी काय?

ग्रंथपाल : मागणी एवढीच की हक्काबरोबर कर्तव्यही असावे. ज्याला हक्क ठेवावयाचा आहे त्याने पुस्तक मिळते ठेवावे. छापील नसेल तर संगणकीय ठेवावे, त्याची रास्त किंमत घ्यावी. जो ठेवीत नाही त्याने ते दुसऱ्याला ठेवू द्यावे.

प्रकाशक : साठ वर्षे कमी करा म्हणाल तर मी विरोध करीन, वारसांचा विश्वास आम्हांला मोडावयाचा नाही. पण ‘मिळते ठेवा, नाहीतर सोडा’ हे तत्त्व मला मान्य आहे. खरे म्हणजे कायद्यालाही ते अपरिचित नाही: हक्क लिहून घेऊन प्रकाशकाने वर्षभरात त्याचा वापर केला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास ते हस्तांतर संपुष्टात येते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आमच्या व्यवसायात मात्र कित्येक करार तोंडीच होत आले, ‘तुमचे-आमचे घरचेच संबंध’ म्हणून. आणि मग कोणाचा हक्क कोठे गेला हे दोन पिढ्यांनी कोणालाच सांगता येत नाही. ती चूक आम्हां प्रकाशकांची आहे.

संवाद येथे थांबवितो. मुदत किती असावी यावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नाही. कारण तो प्रश्न अखेर संसदेचा आहे. परंतु वाद जसजसा पुढे गेला तसतसे एक स्पष्ट होत गेले, की ‘स्वामित्व की मुक्तता’ असा एकच प्रश्न विचारल्यानेच आपण गोंधळतो. जिवंत लेखकाचा, बाजारात मिळणारा ग्रंथ त्याच्या संमतीवाचून पसरविणे अन्याय आहे, मग तो करणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले संशोधन जनतेलाच पुन्हा विकत घ्यावे लागणे हाही अन्याय आहे, मग त्याचा करारनामा कितीही कायदेशीर असो. आणि जो ग्रंथ कोणी विकत नाही, कोणी छापत नाही, ज्याचा मालक कोणालाच ठाऊक नाही, तो केवळ मुदत उरली म्हणून कपाटात कुजू देणे, हा लेखक आणि वाचक या दोघांवरही अन्याय आहे; त्यातून कोणाच्याही घरात एक रुपया जात नाही. या तिसऱ्या वर्गातच आपल्या भाषेचे अधिक नुकसान होत आहे. इंग्रजीसारख्या भाषेला शंभर ग्रंथ गमावणे कदाचित सोसेल. मराठीला एकेका जिल्ह्याचा इतिहास, एकेका व्यवसायाचा शब्दसंग्रह, एकेका चळवळीचे चरित्र गमावणे परवडणारे नाही.

यावर संसद काय करील ते करो. पण काही गोष्टी आपल्या हातात आजच आहेत. लेखकांनी करार लेखी करावा आणि पुस्तक ठरावीक काळ अनुपलब्ध राहिल्यास हक्क आपल्याकडे परत येईल असे कलम त्यात आवर्जून घालावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या पश्चात आपले वाङ्मय मुक्त करण्याची इच्छा लिहून ठेवावी. प्रकाशकांनी बंद पडलेल्या पुस्तकांच्या हक्कांची यादी करून ती जाहीर करावी. वाचनालयांनी जीर्ण ग्रंथांच्या संगणकीय प्रती कायद्याच्या मर्यादेत आताच करून ठेवाव्या, कारण कागद मुदत संपण्याची वाट पाहत नाही. राज्य शासनाने न्यायालयापर्यंत जाऊ न शकणाऱ्या वाचनालयांना विधिसाहाय्य द्यावे, आणि बेवारस ग्रंथांच्या परवान्यासाठी पूर्वीसारखी सोपी व स्वस्त व्यवस्था पुन्हा उभारण्याचा आग्रह केंद्राकडे धरावा. वाचकाला माझी विनंती एवढीच आहे: हाती आलेली पीडीएफ पुढे पाठविण्यापूर्वी ते पुस्तक दुकानात मिळते काय, हे आधी पाहावे. मिळत असेल तर ते विकत घ्यावे. मिळत नसेल तर आपल्या वाचनालयाला त्याचे नाव लेखी कळवून ते जपण्याचा आग्रह धरावा.